परवाना कुणाच्या नावावर?



विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची बैठक भरते ती चाळीतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत. खोलीत दोन शिलाई मशीनं, एक ओव्हरलॉक आणि भिंतीला लावून ठेवलेले कापडाचे गठ्ठे. बसायला जागा व्हावी म्हणून आधी गठ्ठे पलंगावर चढवावे लागतात, मग सतरंजी पसरायची, मग बोलायला सुरुवात. अशाच एका बैठकीला एक मैत्रीण प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत तिचं आधार, पॅन, रेशन कार्ड, नवऱ्याचं आधार, लाइटबिल आणि घरभाड्याचा कागद. म्हणाली, "ताई, गुमास्ता काढायचाय. जीएसटीपण काढावा लागेल म्हणतात. झेरॉक्सवाला सगळ्याचे मिळून साडेसात हजार मागतोय. देऊ का? आणि नाव कुणाचं टाकू? ह्यांचं टाकलेलं बरं ना?"

एका दमात तीन प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीची होती, ती शोधून देता आली. तिसऱ्या प्रश्नावर मात्र बैठक दोन तास चालली आणि तरी संपली नाही. म्हणून या अंकाचं संपादकीय त्या प्रश्नावर.

ही मैत्रीण बारा वर्षं शिवते आहे. सुरुवातीला ती गाळ्यावरून नगावर काम आणायची: धागे कापणं, काज-बटण, परकराची नाडी ओवणं. मग मशीन घेतलं, आसपासच्या बायकांचे ब्लाउज, फॉल-पिको करू लागली. गेली तीन वर्षं ती स्वतः कापड आणते, कुर्ते आणि परकर शिवते, इमारतींमधून विकते आणि दोन दुकानांना माल देते. कापड कुठून घ्यायचं, कुठला रंग चालेल, उधार कुणाला द्यायचं हे सगळं तीच ठरवते. नवरा रिक्षा चालवतो. त्याला विचारलं तर सांगतो, "ती घरी बसून थोडंफार शिवते." तिलाही विचारलं तर तीही जवळजवळ हेच सांगते.

आपल्या वस्त्यांमध्ये हे काही नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरची चूल अडली. तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी घरांमध्ये बायकांनी डबे केले, पापड लाटले, शिलाई घेतली. मग भाडं परवडेना तशी माणसं नालासोपारा-विरारकडे सरकली आणि शिलाई मशीनंही त्यांच्याबरोबर आली. कोकणातून, खानदेशातून, उत्तरेतून आलेल्या घरांमध्येही मशीनचा तोच आवाज. संप, टाळेबंदी, कोरोनाचं लॉकडाऊन, प्रत्येक वेळी या आवाजानं घर चाललं. पण या कामाला नाव काय? "मदत", "हातभार", "फावल्या वेळचं". परवाना किंवा नोंदणी हा बहुतेकींच्या आयुष्यातला पहिला कागद असतो, ज्यावर हे काम "धंदा" म्हणून लिहिलं जातं आणि त्यापुढे मालकाचं नाव लिहायची रिकामी जागा असते. त्या जागेत कुणाचं नाव लिहायचं, हा त्यामुळे हक्काचा प्रश्न होतो.

पण नावाकडे येण्याआधी एक पायरी आहे, आणि आपण कार्यकर्त्या ती बहुधा चुकवतो. सध्या जिकडे तिकडे बायकांना "उद्योजिका" म्हणायची घाई आहे. मेळावे होतात, फॉर्म भरले जातात, प्रमाणपत्रासह फोटो निघतो. एमएसडब्ल्यू करताना आम्हीही उत्पन्न वाढवण्याचे प्रकल्प कसे लिहायचे ते शिकलो. त्या बाईला मुळात मालक आहे का, हे आधी विचारायला आम्ही पुढे वस्तीत शिकलो. म्हणून कुठलाही कागद हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कापड कुणाचं? दर कोण ठरवतो? तयार माल विकतो कोण?

कापड शेठचं, दर शेठचा आणि विकणाराही शेठ असेल, तर मशीन घरात असलं तरी ती बाई कामगार आहे. तिला नोंदणी करायला लावून "तू आता स्वतंत्र धंदेवाली" असं सांगण्यात फायदा शेठचाच. मग मजुरी राहत नाही, "बिल" होतं. सुई बोटात घुसली तर जबाबदारी तिची, माल परत आला तर नुकसान तिचं. नगावर काम करणाऱ्यांनाही किमान वेतन ठरवता येतं. ही तरतूद १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्यांना असंघटित कामगार म्हणून ओळख आहे. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय ठराव जिनिव्हात १९९६ साली झाला, भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. अशा बाईने आधी ई-श्रमची नोंदणी करावी, कामाची वही ठेवावी, दराची चिठ्ठी मागावी आणि एकटीने न मागता दहाजणींनी मिळून मागावी.

अहमदाबादला १९७२ साली 'सेवा'च्या बायका संघटनेची नोंदणी करायला गेल्या, तेव्हा निबंधकाने हरकत घेतली होती: तुम्हाला मालकच नाही, मग तुमची कामगार संघटना कशी? इला भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हरकत खोडून काढली आणि नोंदणी मिळवली. पन्नास वर्षांनी आपल्यापुढे उलटी गोष्ट घडते आहे. मालक आहे, पण बाईच्या हातात उद्योगाचं प्रमाणपत्र देऊन त्याला अदृश्य करता येतं. १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालाने घरात बसून काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणा, असं सांगितलं होतं. ती मागणी प्रमाणपत्राच्या बदल्यात सोडून द्यायची नाही.

आता आपल्या मैत्रिणीसारखी जी खरोखर स्वतःचा माल करते आणि विकते, तिच्याकडे येऊ. तिला नेमकं काय लागतं? झेरॉक्सच्या दुकानातल्या साडेसात हजारांमागे बहुतेक भीतीच असते, म्हणून एकेक कागद नीट पाहू.

पहिला गुमास्ता. सगळे अजून गुमास्ताच म्हणतात, पण १९४८ चा जुना दुकाने कायदा जाऊन १९ डिसेंबर २०१७ पासून राज्यात नवा कायदा आला. कामाला वीसपेक्षा कमी माणसं असतील, तर नोंदणी दाखला घ्यावा लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. बँकेत धंद्याच्या नावाचं चालू खातं उघडताना ही पावती कामी येते.

दुसरी उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती आधार आणि पॅनवर होते, कागद जोडावे लागत नाहीत आणि सरकार एक पैसाही घेत नाही. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नाही आणि जे पैसे मागतं, ते सरकारचं नाही. ज्यांच्याकडे पॅन नाही आणि ज्यांना जीएसटी लागत नाही, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट' आहे, ते बँका आणि नेमलेल्या संस्थांमार्फत होतं.

या उद्यमचा एक उपयोग मेळाव्यात कुणी सांगत नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने पंधरा दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार असेल तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता येत नाही. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद. नोंदणी मात्र माल देण्याच्या आधीची हवी. आपल्या मैत्रिणीचे एका दुकानाकडे अकरा हजार आठ महिने अडकले होते. दर वेळी गेली की "सणानंतर या". तिच्याकडे ना नोंदणी होती, ना मालाच्या चलनावर सही. नुसतं पत्र लिहिता आलं असतं तरी दुकानदाराची भाषा बदलली असती. तेव्हा आपण तिला प्रमाणपत्र भिंतीवर लावायला सांगतो तसं चलनावर सही घ्यायलाही सांगू.

तिसरा महापालिकेचा परवाना. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, त्याआधी चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती होत्या. त्यामुळे "आमच्याकडे कधी लागलं नव्हतं" असं जुनी माणसं सांगतात. घरात दोन मशीनं असणं वेगळं आणि विजेवरची दहा मशीनं लावून गाळा चालवणं वेगळं. साठा, यंत्रं आणि जागा पाहून परवाना लागतो की नाही ते ठरतं. दलालाला विचारू नका. प्रभाग कार्यालयात आपल्या कामाचं वर्णन लिहून अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं.

चौथा जीएसटी. सगळ्यात जास्त भीती याचीच, आणि दलालाची कमाईही याच्यावरच. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. शिलाईसारखी सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख, आणि दोन्ही करत असेल तर २० लाखच धरावी. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरी हिशेब करून पाहा. दोनशे रुपयांना एक याप्रमाणे ब्लाउज शिवले, तर २० लाख व्हायला वर्षात दहा हजार ब्लाउज शिवावे लागतील, म्हणजे एकही सुटी न घेता रोज सत्तावीस. मनवेलपाड्याच्या त्या खोलीत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा आधी शांतता झाली, मग जे हसू फुटलं ते थांबेना. "म्हणजे जीएसटी लागायला आधी आम्हाला दहा हात लागतील," असं एकजण म्हणाली.

पण हसून सोडून देऊ नका, कारण काही वळणांवर मर्यादा नसते. राज्याबाहेर माल विकला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हातकामाच्या ठरावीक वस्तूंना यात काही सूट आहे, साध्या शिवलेल्या कुर्त्याला नाही. आपल्याकडे हा प्रश्न लगेच येतो, कारण विरारहून गाडीत बसलं की गुजरात दूर नाही. सुरतेहून कापड आणायला नोंदणी लागत नाही. वापीच्या दुकानाला कुर्ते द्यायचे तर लागते. मोबाइलवरच्या मोठ्या बाजारांमध्ये विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतल्या विक्रीला, मर्यादेच्या आत असल्यास, नोंदणीशिवाय नुसत्या नोंद-क्रमांकावर विकता येतं. राज्याबाहेर पाठवायचं म्हटलं की जीएसटी आलाच.

जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क नाही. पण एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, नाही भरलं तर दिवसागणिक विलंबशुल्क चढतं. एका मैत्रिणीला दलालाने "बँक कर्ज देते" म्हणून नंबर काढून दिला होता. दोन वर्षं तिने काहीच भरलं नाही, कारण भरायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. दंडाची रक्कम पाहून तिने मशीन विकायला काढलं. तेव्हा नंबर जितका लवकर तितका चांगला, असं मुळीच नाही. ज्यांना खरोखर लागतो, त्यांनी घ्यावा आणि दर तिमाहीला थोडक्यात कर भरण्याची जी एक टक्क्याची सोपी योजना आहे, ती आपल्याला बसते का ते विचारावं. तिच्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही. कपड्यांवरचा दरही बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के.

राहिला व्यवसाय कर आणि आयकर. व्यवसाय कर राज्याचा. तो ज्याला लागू होतो त्यालाही वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त लावता येत नाही, ही मर्यादा राज्यघटनेनेच घातली आहे. आयकराची गोष्ट वेगळी. आपल्या बहुतेकींचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असतं. तरी मनवेलपाड्यात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच: "नाव लावलं तर लाडक्या बहिणीचे पंधराशे बंद होतील का?" २०२४ च्या त्या योजनेची अट कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची आणि घरात आयकर भरणारं कुणी नसण्याची आहे. नुसत्या उद्यम नोंदणीने किंवा गुमास्त्याच्या पावतीने कुणी आयकर भरणारी होत नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला हसू नका. पंधराशे दर महिन्याला हातात येतात, धंद्याचं काही सांगता येत नाही, असा तिचा चोख हिशेब आहे. बाईचं उत्पन्न वाढलं की आधार काढून घ्यायचा, अशा अटी असतील तर ती आपलं उत्पन्न लपवणारच.

आता तिसरा प्रश्न. नाव कुणाचं?

"ह्यांचं टाकलं तर बरं पडेल" असं का वाटतं, त्याचीही कारणं आहेत. लाइटबिल सासऱ्याच्या नावावर, भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, बँकेत जायचं तर नवरा सोबत लागतो, आणि घरात "आता ही मालकीण झाली" हे ऐकून घ्यावं लागतं, ते वेगळंच. पत्त्याचा पुरावा मागणारा प्रत्येक फॉर्म बाईला सांगत असतो, की तू राहतेस त्या घरावर तुझं काही नाही. जीएसटीला जागेच्या मालकाचं संमतिपत्र आणि लाइटबिल चालतं, जागा स्वतःच्या मालकीची असावी लागत नाही. हे माहीत असतं तर अर्ध्याजणींचं घोडं इथे अडलं नसतं. वीजमीटरची भीतीही अशीच. महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल, तर घराच्या एका भागात चालणाऱ्या छोट्या धंद्याला घरगुती दर लावायचा, हे वीज नियामक आयोगाने आपल्या दरआदेशांत मान्य केलेलं आहे.

आणि आमच्या भागात पत्त्याचा प्रश्न नुसत्या कागदाचाही नाही. २७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. सतरा माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती. अशा इमारतींमध्ये आपल्यातल्या कितीजणी राहतात आणि तिथेच शिवतात! घर गेलं की त्यांची कामाची जागा, मशीन, माल आणि पत्ता सगळं एका रात्रीत जातं, आणि धंद्याची कुठेच नोंद नसेल तर धंदा बुडाला हे दाखवायलाही कागद नसतो. पत्ता नसलेल्यांना परवाना नाही आणि परवाना नसलेल्यांना भरपाई नाही, हा फेरा तोडायची मागणी घरांच्या आंदोलनात आपण मांडलीच पाहिजे.

नवऱ्याचं नाव टाकलं तर काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. एकीने सोळा वर्षं दुकान चालवलं. पाटीवर मुलीचं नाव होतं, कागदावर नवऱ्याचं. तो गेल्यावर चालू खातं बंद झालं, दुकानातला माल कुणाचा यावर दीर भांडायला आले. घर तिच्या शिलाईवर उभं राहिलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण गल्लीची साक्ष बँकेत चालत नाही. दुसरीला नवऱ्याने घराबाहेर काढलं. पोटगीच्या दाव्यात तिला "काही कमावत नाही" असंच दाखवावं लागलं, कारण कमावते म्हटलं तर धंदा कुणाचा ते सिद्ध करता येत नव्हतं. कायद्याने बाईची स्वतःच्या कौशल्याने आणि श्रमाने मिळवलेली मिळकत तिचीच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या १९५६ च्या कलम १४ मध्ये ते आहे, आणि वसईतल्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींसाठी तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यापासून आहे. दीडशे वर्षं हक्क आहे, तो दाखवायला कागद नाही.

सरकारी योजनाही कधीकधी या कामात अडसर होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरांमध्ये शिंप्याचं काम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. पण नोंदणी एका कुटुंबातल्या एकाचीच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नवरा गवंडी किंवा सुतार असेल आणि बायको शिवणारी, तर नाव कुणाचं जाणार, हे सांगायला अभ्यास लागत नाही. दोन हातांचं कौशल्य वेगळं, कष्ट वेगळे, तरी सरकारच्या हिशेबात घरात कारागीर एकच. ही अट बदलावी, अशी मागणी सर्व संघटनांनी एका आवाजात करायला हवी.

याची दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. आपल्या नावाचा कागद जसा हक्क देतो तसं देणंही अंगावर घालतो. बायकोच्या नावावर कंपनी काढून धंदा नवऱ्याने, भावाने किंवा कुण्या ओळखीच्या माणसाने चालवायचा, ही पद्धत वाढते आहे. सवलत मिळते म्हणून, कधी कर चुकवायचा म्हणून, कधी खोटी बिलं फाडायची म्हणून. घरात चहा करता करता "इथे सही कर, ओटीपी सांग" म्हटलं जातं, आणि वर्षभराने नोटीस येते ती बाईला. एकटीच्या मालकीच्या धंद्यात सारं देणं मालकिणीचं असतं, "मला माहीत नव्हतं" हे कुणी ऐकत नाही. म्हणून आम्ही मनवेलपाड्यात एक साधा नियम केला आहे: धंदा माझा, तरच नाव माझं, आणि नाव माझं, तर पासवर्ड, ओटीपी, चेकबुक आणि हिशेबाची वहीही माझ्याकडे.

गटाने मिळून धंदा करणाऱ्यांनी तर हे फार आधी ठरवावं. बचतगटाच्या नावावर कर्ज येतं, पण माल देताना बिल एका अध्यक्षबाईच्या पॅनवर निघतं. धंदा चालला की तिच्यावर संशय, बुडाला की देणं तिच्या गळ्यात. दोन-चारजणी असतील तर लेखी भागीदारी करा. निरनिराळ्या घरांतल्या दहाजणी असतील तर सहकारी संस्थेचा विचार करा. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, १९६६ मध्ये त्याची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली आणि पापड लाटणाऱ्या बायका मालकीण राहिल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, तेव्हा गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना बँकेपर्यंत नेलं. सावकाराच्या वहीतून बाईचं नाव बँकेच्या वहीत गेलं, हे त्यांचं मोठं काम.

मग आपण काय करायचं? प्रत्येक गटाने वर्षातून दोनदा कागदांची बैठक घ्यावी. त्या दिवशी भाषण नको, सतरंजीवर पिशव्या उघडाव्यात आणि एकेकीचे कागद बघावेत: कामगार की मालकीण, कुठला कागद लागतो, कुठला लागत नाही, कुणाच्या नावावर आहे. गटातल्या शिकलेल्या एका मुलीने उद्यम आणि गुमास्त्याची सूचना भरायला शिकावी, म्हणजे ते साडेसात हजार वाचतील. महापालिकेकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे आपण मिळून मागणी करावी, की महिन्यातून एक दिवस वस्तीत येऊन हे काम करा, आणि मराठीत करा. नुसता फॉर्म नाही, फॉर्मचा अर्थही सांगा.

त्या दिवशी मनवेलपाड्यात काय ठरलं, ते सांगायचं राहिलं. जीएसटी काढायचा नाही, कारण तिची विक्री मर्यादेच्या आसपासही नाही आणि माल सगळा विरार-नालासोपाऱ्यातच जातो. उद्यम आणि गुमास्त्याची सूचना त्याच खोलीत, एका मुलीच्या मोबाइलवर भरली. दुकानांसाठी दोन प्रतींचं चलनबुक घेतलं. नावाच्या रकान्यापाशी तिने थोडा वेळ घेतला. घरी जाऊन विचारते म्हणाली. आम्ही घाई केली नाही. तिच्या घरात तिलाच राहायचं आहे. आठ दिवसांनी ती परत आली आणि तिने आपलं नाव, आईचं ठेवलेलं, पूर्ण सांगितलं. व्यवसायाच्या रकान्यात "शिवणकाम" लिहू का, असं त्या मुलीने विचारलं. ती म्हणाली, "शिवणकाम नको. कपड्यांचं उत्पादन लिही."

तुमच्या वस्तीत, तुमच्या गटात हा प्रश्न कसा आला, कुठल्या कचेरीत काय उत्तर मिळालं, कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं लावताना भांडण झालं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने